श्रमपूजकाचे घर

इंग्रजी विद्येशी परिचय असलेल्या घरांत टॉमस कार्लाइल हे नाव पुष्कळ वर्षे आदराने घेतले गेले. फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहासकार, विभूतिपूजेचा पुरस्कर्ता आणि श्रमाचा महिमा गाणारा तत्त्वज्ञ अशी त्याची त्रिविध कीर्ती. काम हीच मनुष्याची खरी उपासना, हे तत्त्व त्याने 1843 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या ग्रंथात मोठ्या आवेशाने मांडले. परंतु ज्या घरात बसून हे तत्त्व लिहिले गेले, त्या घरातील काम कोण करीत होते, आणि त्याची गणना उपासनेत होत होती काय, हा प्रश्न ग्रंथकाराला पडला नाही. तो त्याच्या पत्नीला पडला.

जेन वेल्श हिचा जन्म 1801 साली स्कॉटलंडातील हॅडिंग्टन येथे झाला. ती एका नामांकित डॉक्टरची एकुलती एक कन्या. बुद्धी तीव्र, वाणी धारदार. लहानपणीच तिने हट्टाने लॅटिनचा अभ्यास केला. 1826 साली तिने कार्लाइलशी विवाह केला, तो त्याच्या बुद्धिमत्तेवर लुब्ध होऊन. तो गवंड्याचा मुलगा. आई व बहिणी घरात राबत आहेत, हे दृश्य त्याच्या बाळपणापासूनच्या अंगवळणी पडलेले; त्यात विचार करण्याजोगे काही असेल अशी शंकाही त्याला आली नाही.

1828 साली हे दांपत्य क्रेगनपटक नावाच्या एका ओसाड माळावरील शेतघरात राहावयास गेले. तेथे 6 वर्षे निघाली. कार्लाइलची पचनशक्ती नाजूक. डम्फ्रीजहून आणलेला पाव त्याच्या पोटाला सोसेना. तेव्हा घरीच पाव भाजणे प्राप्त झाले. जेनने पुढे 1857 साली एका पत्रात त्या काळची एक रात्र वर्णिली आहे. घर झोपी गेले आहे, पाव भट्टीत आहे, घड्याळ पुढे पुढे सरकते आहे, आणि अंग मोडून आलेली ती एकटी त्याची राखण करीत आहे. आपल्या आयुष्याचे हेच काय ते फलित, या विचाराने तिला रडू कोसळले. इतक्यात तिला चेलिनी या इटालियन शिल्पकाराची आठवण झाली. तोही आपल्या पर्सियसच्या पुतळ्याचे ओतकाम चालू असता असाच भट्टीपाशी जागला होता. हाती आलेले काम निष्ठेने पार पाडणे एवढेच जर पाहावयाचे, तर पुतळा काय आणि पाव काय, असा विवेक करून तिने मन सावरले. कार्लाइलचे कैवारी म्हणतात की, तेथे मोलकरीण होती आणि जेनच्या आठवणींना पुढे कडवटपणा चढला. हे खरे मानले तरी एक गोष्ट उरतेच. श्रमाच्या प्रतिष्ठेचे जे तत्त्व पतीने जगाला सांगितले, ते पत्नीला भट्टीपुढे बसून स्वतःचे स्वतः शोधावे लागले.

1834 साली ती दोघे लंडनमध्ये चेल्सी भागातील चेनी रो येथे आली व अखेरपर्यंत तेथेच राहिली. घर चार मजली, स्वयंपाकघर तळघरात. नळाचे पाणी येण्यास 1852 साल उजाडले. तोवर पंपाने पाणी काढावयाचे. कोळशाचा धूर, ढेकणांचा उपद्रव आणि शेजारच्या कोंबड्यांचे आरवणे या तिन्हींशी झुंज द्यावयाची ती जेननेच. ‘पास्ट अँड प्रेझेंट’ बाहेर पडले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात घराच्या रंगरंगोटीचे काम निघाले. श्रमाचा तो भाष्यकार वेल्स व स्कॉटलंडच्या प्रवासाला निघून गेला. जेन मात्र रंगारी, सुतार आणि धूळ यांच्यामध्ये राहिली. परत आल्यावर त्याला घर आवडले. पण अवघ्या काही दिवसांत शेजारच्या पियानोचा त्रास होऊ लागला आणि खोल्यांची नवी मांडामांड सुरू झाली. 1853 साली तर आवाज न पोचणारी एक स्वतंत्र खोली छपरावर बांधण्यात आली. पैसा गेला, घर उकरले गेले, आणि आवाज पोचायचा तो पोचलाच.

जेनचा रोष मूक नव्हता. तिने त्याला विनोदाचे रूप दिले. 1855 सालच्या फेब्रुवारीत, क्रिमियन युद्धामुळे महागाई वाढलेली असता, घरखर्चाच्या गोष्टीवर कार्लाइल वैतागला. तेव्हा तिने अर्थमंत्र्याच्या थाटात एक अंदाजपत्रक लिहून त्याच्यापुढे ठेवले. ‘जिचे कोणी जाणले नाही अशा स्त्रीचे अंदाजपत्रक’ अशा अर्थाचा त्याचा मथळा. पाणीपट्टी, मोलकरणीचा पगार, कोळसा, मेणबत्त्या, लोणी, बटाटे यांची वाढ कलमवार मांडून तिने वर्षाला 29 पौंड अधिक मागितले. कार्लाइल मनसोक्त हसला, तिच्या चातुर्याची त्याने तोंड भरून स्तुती केली आणि रक्कमही मंजूर केली. मात्र त्या विनोदाखालचे दुःख त्याला उमगले नाही. पैसा मिळाला, परंतु घर चालविणे हीही एक विद्या आहे व तिला बुद्धी खर्चावी लागते, ही कबुली मिळाली नाही.

जेनच्याही खाली आणखी एक पायरी होती, हे सांगितल्यावाचून ही हकीकत न्याय्य होणार नाही. त्या घरी 32 वर्षांत तीसांहून अधिक मोलकरणी आल्या नि गेल्या. दिवसभर चार मजले चढून उतरून त्यांनी रात्री तळघरातील स्वयंपाकघरातच अंग टाकावयाचे. पतीला जे पत्नीच्या बाबतीत दिसले नाही, ते पत्नीलाही त्यांच्या बाबतीत नेहमीच दिसले असे नाही.

1866 सालच्या 21 एप्रिलला, कार्लाइल स्कॉटलंडात असता, जेनला लंडनमध्ये बग्गीत बसलेली असतानाच अकस्मात मृत्यू आला. त्यानंतर त्या वृद्धाने तिची दैनंदिनी व पत्रे वाचली, आणि 40 वर्षे शेजारी असलेले दुःख त्याला प्रथमच अक्षरांत दिसले. पश्चात्तापाने त्याने तिच्या आठवणी लिहिल्या; पत्रे टिपणांसह छापण्यासाठी सिद्ध केली. 1881 साली तो वारला. 1883 साली फ्रूड या त्याच्या चरित्रकाराने ती पत्रे प्रसिद्ध केली. मोठा गहजब झाला. थोर पुरुषाच्या घरचा केरकचरा चव्हाट्यावर आणला, असा फ्रूडवर आरोप आला. वस्तुतः तो केर काढण्यात जिचा जन्म गेला, तिचीच ती साक्ष होती.

हॅडिंग्टन येथे वडिलांच्या थडग्यात जेन विसावली आहे. त्यावरील लेखात कार्लाइलने तिच्या अथक साहाय्याचे ऋण मान्य केले. लेख सुंदर आहे, खराही आहे. परंतु जिच्यासाठी तो लिहिला, तिच्या वाचनात तो आला नाही. संसारात श्रमांची वाटणी तराजूने तोलून होत नसते. एकाच्या वाट्याला अधिक येते, हे मनुष्य पुष्कळदा सोशीकपणे पत्करतो. त्याला सोसवत नाही ते आपले श्रम कोणाच्या दृष्टीसच न पडणे. ज्याला ही दृष्टी मरणानंतर येते, त्याची कृतज्ञता दगडावर कोरली जाते. ती वेळीच आली, तर रोजच्या जेवणाच्या पानावर दोन शब्दांनीही तिचे काम भागते.