जुन्या मोटारीतून रात्रीचं बडोदं

मंडळी, पाहुण्यांना बडोदं दाखवायचं तर रात्री, जुन्या उघड्या मोटारीतून! सावकाश चालते, माना वर करून निवांत बघता येतं. 1890 चा लक्ष्मी विलास राजवाडा, दिव्यांत न्हालेलं सुरसागर, 1896 चं न्यायमंदिर, मांडवी, 1936 चं कीर्तिमंदिर. सयाजीरावांचं वैभव दिसतं खरं, पण राज्य चालवणारी आपली माणसं राहायची दांडिया बाजार-रावपुऱ्यात. तिथला दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, भिंतींवरच्या चित्रांसकट, पुरातत्त्व खात्याने राखलाय. बाकीचे वाडे पडून तिथे फ्लॅट होतायत. राजवाड्याची गोष्ट गाईड सांगेलच हो. वाड्यांची आपणच सांगायची. गाडी तिथेही दोन मिनिटं थांबवा, आणि नातवंडांना पुढच्या सीटवर बसवा.