गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर हज-उमराहचा प्रवास: किती थांबावं, काय सांभाळावं?

हज कमिटीची यादी लागते, नाव येतं, घरात आनंद होतो. आणि त्याच संध्याकाळी एक प्रश्न उभा राहतो: अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झालेत, विमानात बसता येईल का? जळगाव, भुसावळ, धुळे, मालेगाव भागात आता गुडघे बदलून घेतलेले बरेच ज्येष्ठ आहेत. पूर्वी गुडघे गेले की माणूस घरात बसायचा, आता ऑपरेशननंतर हज-उमराहची तयारी करतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण घाई केली तर जीवावर बेतू शकतं, आणि विनाकारण घाबरलं तर हातची संधी जाते. म्हणून या विषयाची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. शेवटचा निर्णय मात्र ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांचा, आणि मसअल्यांबाबत आपल्या मुफ्ती साहेबांचा.

खरा धोका कशाचा?

बहुतेकांना वाटतं, बसवलेला सांधा प्रवासात निखळेल. मुख्य भीती ती नाही. भीती आहे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची. गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर पहिले काही आठवडे रक्त गोठण्याचं प्रमाण वाढलेलं असतं. त्यात तासन्‌तास पाय लटकवून एकाच जागी बसलं की पोटरीतलं रक्त साचतं. तिथे झालेली गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अहवालानुसार चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर गाठीचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तरीही तो फार कमी असतो, सहा हजारांत एक असा. पण ताजं ऑपरेशन झालेला माणूस त्या हिशेबात बसत नाही. आणखी एक गोष्ट: हा धोका फक्त विमानाचा नाही. रेल्वे, बस, कार सगळ्यांना तो लागू आहे.

आता आपल्या भागाचा हिशेब करा. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, म्हणजे सात-आठ तास. धुळ्याहून रस्त्याने सुमारे ३२० किलोमीटर. मग विमानतळावरची लांबलचक प्रतीक्षा, जेद्दापर्यंत साडेपाच तासांच्या आसपास उड्डाण, हज टर्मिनलवर थांबणं आणि मक्केपर्यंत बस. विमानाचे तास साडेपाच असले तरी पाय लटकवून बसण्याचे तास त्याच्या दुपटी-तिपटीने होतात. डॉक्टरांना विचारताना 'विमानात बसू का' एवढंच विचारू नका, घरापासून मक्केपर्यंतचा सगळा प्रवास सांगा.

किती महिने थांबायचं?

- पहिले सहा आठवडे: लांबचा प्रवास नकोच. जखम, सूज, वेदना आणि गाठीचा धोका सगळंच ताजं असतं.
- तीन महिन्यांपर्यंत: गुडघा किंवा खुबा बदलल्यावर लांब पल्ल्याचं विमान तीन महिने टाळा, असा सल्ला ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत दिला जातो. काही डॉक्टर तब्येत पाहून थोडं आधीही सोडतात, पण ते त्यांनी ठरवायचं.
- उमराहसाठी: तीन महिने पूर्ण, जखम कोरडी, काठीशिवाय किंवा एका काठीने अर्धा-पाऊण तास चालता येतं, जिने चढता येतात, असं असेल तर डॉक्टरांशी बोला.
- हजसाठी: आमच्या मते सहा महिने तरी हवेत. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर त्याहून जास्त. हजमध्ये साधारण चाळीस दिवसांचा मुक्काम, मिना-अराफात-मुजदलिफाची धावपळ आणि गर्दी असते. विमानात बसता येणं वेगळं आणि हज झेपणं वेगळं.

हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२४ मध्ये तो जूनच्या मध्यात होता, २०२५ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात, २०२६ मध्ये मेच्या अखेरीस. विमानं त्याच्या महिनाभर आधीच सुटू लागतात. म्हणून कॅलेंडर उलटं मोजा. मेच्या सुरुवातीला उडायचं असेल तर ऑपरेशन आधीच्या नोव्हेंबरपर्यंत उरकलेलं हवं. 'हज करून आल्यावर ऑपरेशन करू' असं ठरवलं असेल तर परतल्यावर किमान चार आठवडे जाऊ द्या, कारण लांबच्या प्रवासानंतर लगेच ऑपरेशन केलं तरी गाठीचा धोका वाढतो.

आणि एक चूक टाळा. प्रवासापुरतं भागावं म्हणून काही जण गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतात आणि परत येताच ऑपरेशनची तारीख घेतात. अशा इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनला सांगायलाच हवं.

ऑपरेशन लपवू नका

हज कमिटीकडे वैद्यकीय तपासणी आणि फिटनेसचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. 'लिहिलं तर नाव कापतील' या भीतीने काही कुटुंबं ऑपरेशनचा उल्लेख टाळतात. यात नुकसान आपलंच आहे. तिकडे पाय सुजला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आत काय बसवलंय, रक्त पातळ करणारं कोणतं औषध सुरू आहे, हे ठाऊक नसतं. नीट बरा झालेला बदललेला गुडघा हजच्या आड येत नाही. आड येते ती घाई.

रक्त पातळ करणारी औषधं आणि हलालचा प्रश्न

ऑपरेशननंतर साधारण दोन ते पाच आठवडे रक्त पातळ करणारं औषध देतात. आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न: ते इंजेक्शन डुकरापासून बनतं का? हेपारिन आणि एनोक्सापॅरिन ही इंजेक्शनं खरोखर डुकराच्या आतड्यापासून मिळवलेल्या पदार्थापासून तयार होतात. पण पर्याय आहेत. फोंडापॅरिनक्स हे इंजेक्शन कृत्रिमरीत्या बनतं, आणि रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन यांसारख्या गोळ्याही आहेत. प्रत्येकाला प्रत्येक औषध चालतंच असं नाही; मूत्रपिंडाचा त्रास असेल तर फरक पडतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. इलाजच नसेल तेव्हाचा हुकूम आलिमांना विचारा. पण दवाखान्यातून घरी आल्यावर कुणाच्या ऐकण्यावरून इंजेक्शन मध्येच बंद करू नका.

घरापासून विमानतळापर्यंत

- कारमध्ये पुढची सीट मागे सरकवून बसा. तासा-दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला. संभाजीनगरहून विमान असेल तर कन्नडच्या किंवा अजिंठ्याच्या घाटात गाडी अडकू शकते, वेळ हाताशी ठेवा.
- रेल्वेत खालचा बर्थ घ्या. डब्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. घरच्या जिन्यावरही हाच नियम.
- खुबा बदलला असेल तर डॉक्टर सांगतील तोवर मांडी घालणं, पायावर पाय टाकणं आणि कमरेतून खूप वाकणं बंद. खालच्या सीटवर उशी ठेवून बसा.
- विमान कंपनीकडे व्हीलचेअरची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवा. चालता येत असलं तरी घ्या, विमानतळावर अंतरं लांब असतात.
- ऑपरेशन अलीकडचं असेल तर विमान कंपनी डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म मागू शकते. तो आधीच विचारून ठेवा.

सुरक्षा तपासणीत 'टीं' वाजलं तर

सांधा कोबाल्ट-क्रोम किंवा टायटॅनियमचा असतो, त्यामुळे दारातलं यंत्र वाजणारच. घाबरू नका. आधीच सांगा की गुडघ्यात रॉड नाही, बदललेला सांधा आहे. दवाखान्याने दिलेलं सांध्याचं कार्ड आणि डिस्चार्ज पेपर जवळ ठेवा. कार्ड दाखवलं म्हणून तपासणी टळत नाही, पण समजावणं सोपं जातं. महिलांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करतात.

विमानात

रस्त्याकडेची सीट घ्या, शक्यतो ऑपरेशनचा पाय रस्त्याच्या बाजूला येईल अशी. आपत्कालीन दाराजवळची सीट अशा प्रवाशाला देत नाहीत. अर्ध्या तासाला पावलं वर-खाली वीस-तीस वेळा हलवा, तासाला एकदा उठून चाला. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. झोपेची गोळी घेऊन पाच तास एका अंगावर पडू नका. नमाज सीटवर जशी जमेल तशी पढण्याबाबत निघण्याआधीच मसअला विचारून ठेवा.

इहराम आणि दाबाचे मोजे

पायाला घट्ट बसणारे दाबाचे मोजे डॉक्टर सुचवतात. महिलांना इहराममध्ये मोज्यांची अडचण नाही. पुरुषांना मात्र इहराममध्ये मोजे घालता येत नाहीत. आजारपणाच्या गरजेने घातले तर फिदयाचा प्रश्न येतो, तो मुफ्ती साहेबांना विचारा. सोपा मार्ग असा की शक्य असेल तर आधी मदिनेला जाणारी फ्लाइट पाहा. मग विमानात इहराम नसतो, मोजे खुशाल घालता येतात. मदिनेहून मक्केला जाताना जुलहुलैफा इथे इहराम बांधायचा. हा रस्ता सुमारे ४५० किलोमीटरचा आहे, तेव्हा त्या बसमध्येही पाय हलवत राहा.

मक्केत आणि मदिनेत

- सईच्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. तवाफमध्ये वरच्या मजल्यावरून एकेक फेरी बरीच लांब पडते. व्हीलचेअर आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. उज्र असलेल्याचा तवाफ आणि सई व्हीलचेअरवर होते, त्यात कमीपणा नाही.
- रमी करणं झेपत नसेल तर वकील नेमता येतो. मुजदलिफातून कमजोर लोकांना लवकर निघण्याची सवलत आहे. अटी आधी समजून घ्या.
- गुडघ्यावर टेकून सजदा जमत नसेल तर खुर्चीवर नमाज पढा. घडीची हलकी खुर्ची सोबत न्या.
- वजू करताना उंच बेसिनमध्ये पाय टाकू नका. खुर्चीवर बसून मग्गाने पाय धुवा. ओल्या संगमरवरावर घसरून पडणं हा नव्या सांध्याचा मोठा शत्रू आहे. पट्टा आणि पकड असलेली चप्पल घ्या.
- शुगर असेल तर पायाच्या भेगा, फोड रोज पाहा. पायाच्या जखमेतले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोहोचू शकतात.
- ऊन जपा. २०२४ च्या हजमध्ये पारा ५० अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार १,३०१ जण दगावले. आपण जळगावच्या मे महिन्याला सरावलेलो आहोत, पण तिथे उन्हात चालावंही लागतं. घाम गेला, पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं.

औषधं नेताना

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा. ट्रामाडॉल, प्रेगाबालिन यांसारख्या वेदनेच्या गोळ्यांवर सौदीत नियंत्रण आहे. त्यांच्या अन्न व औषध प्राधिकरणाची आगाऊ परवानगी लागू शकते. डॉक्टरांना सांगून शक्य तिथे दुसरी गोळी घ्या.

क्रूझचं काय?

मुंबई-जेद्दा हजची जहाजं १९९५ पासून बंद झाली. आमच्या आजोबांच्या पिढीने तो प्रवास केला. आता मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे क्रूझ जातात. जहाजावर चालायला जागा असते ही जमेची बाजू. पण डुलणारी फरशी, बाथरूमचा उंच उंबरठा आणि छोट्या बोटीतून उतरणं हे नव्या सांध्याला अवघड. जहाजावरच्या दवाखान्यात सांध्याचा सर्जनही नसतो. तेव्हा तिथेही तीन महिने थांबा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा. अचानक धाप लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त. जखमेतून पाणी किंवा पू, ताप. सौदीत रुग्णवाहिकेसाठी ९९७, महाराष्ट्रात १०८. परतल्यानंतर काही आठवडेही लक्ष ठेवा.

खर्चाबद्दल थोडं

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या सांध्याची मर्यादा करांशिवाय ५४,७२० रुपये ठरली. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. सरकारी योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

हज लांबणीवर टाकला तर गुन्हा होतो का?

हज ऐपत असणाऱ्यावर फर्ज आहे, आणि ऐपतीत पैशाबरोबर शरीराची ताकदही येते. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं म्हणून एक वर्ष पुढे ढकलणं आणि आळसाने टाळणं यात फरक आहे. दुसरीकडे, गुडघे गेले म्हणून लगेच हज-ए-बदल करायला कुणाला पाठवू नका. तो कायम असमर्थ असणाऱ्यासाठी आहे. ऑपरेशनने पाय परत चालू होणार असतील तर आधी मसअला विचारा. अम्मी-अब्बांना स्वतःच्या पायांनी काबागृहासमोर उभं राहता येईल.

अल्लाह सर्व हाजींना आफियत आणि कबूल हज नसीब करो. आमीन.