पुणें शहराचा अन्नपुरवठा : पेशवाईपासून मंडईपर्यंत

पुणें शहराच्या इतिहासावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. वाडे, देवळें, पेठांची वसाहत, दरबारांतील खलबतें यांविषयीं साधनांची वाण नाहीं. परंतु हें एवढें मोठें शहर रोज जेवत होतें कसें, हा साधा प्रश्न संशोधकांनीं क्वचितच विचारिला आहे. अन्नाचा विषय निघाला म्हणजे लेखकांचें लक्ष इ. स. १७८३ मधील सवाई माधवरावांच्या लग्नाच्या बेताकडे किंवा श्रावणमासच्या दक्षिणेच्या वेळीं होणाऱ्या ब्राह्मणसमुदायाकडे जातें. तीं वर्णनें मनोरंजक आहेत, हें आम्हांस मान्य आहे. पण पंक्तीच्या यादीवरून सणाचें जेवण कळतें, शहराचें पोट कळत नाहीं. त्यासाठीं निराळे कागद पाहावे लागतात, आणि नेमके तेच कागद आज सर्वांत जास्त नाश पावत आहेत. हें वाचकांच्या नजरेस आणावें एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

शहराच्या अन्नव्यवहाराची परीक्षा करावयाची म्हणजे तीन गोष्टी तपासाव्या लागतात. जिन्नस कोठून व कसा आला. तो कोणाच्या हातांतून गेला. आणि अखेर कोणाच्या ताटांत पडला. या तिहींपैकीं एकच गोष्ट पाहिली तर निर्णय चुकतो.

प्रथम जिन्नस कोठून आला तें पाहूं. जो जिन्नस जितका नाशवंत, तितकें त्याचें ठिकाण जवळ, हा नियम पुण्यास पूर्णपणें लागू पडतो. भाजीपाला, फुलें व दूध हीं शहराच्या शिवारांतून व लगतच्या गांवांतून येत. माळी समाजाचा या पुरवठ्यांत मोठा वांटा होता. जोतीराव फुले यांच्या घराण्यास ‘फुले’ हें उपनांव पेशव्यांकडे फुलें पुरविण्यावरून पडलें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तांदूळ पश्चिमेकडील मावळांतून, जोंधळा व बाजरी पूर्वेकडील देशावरून, आणि मीठ घाट चढून कोंकणांतून येई. म्हणजे पुणें हें डोंगर आणि देश यांच्या सांध्यावर वसलेलें असल्यामुळें दोहों बाजूंचें धान्य त्यास पोंचत असे. पिण्याच्या पाण्याची सोय बाळाजी बाजीराव यांनीं कात्रजचा नळ आणून केली, त्याची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. धान्याचा नळ मात्र डोळ्यांस दिसत नव्हता, म्हणून त्याची बखर कोणीं लिहिली नाहीं.

हा धान्याचा नळ म्हणजे बैलाची पाठ. बोरघाटांतून गाडीची वाट झाली ती इ. स. १८३० मध्यें, मालकमच्या कारकीर्दींत. तोंपर्यंत त्या घाटांतील माल बैलाच्या पाठीवरील गोणींतून येई, आणि लांबच्या धान्याचा मोठा भार लमाणांच्या तांड्यांवर असे. तांड्याचा बैल वाटेवरच्या गवतावर चाले. म्हणूनच ही वाहतूक परवडे. परंतु त्यांतच तिचें वर्म होतें. पाऊस गेला कीं पीक जाई, आणि पिकाबरोबर गवत व पाणवठेही आटत. ज्या वर्षीं दूरचें धान्य आणणें सर्वांत अवश्य, त्याच वर्षीं तें आणणारा बैल निकामी होई. आमच्याकडील जुन्या दुष्काळांची तीव्रता केवळ पर्जन्यमानावरून मोजणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

आतां हातांची गोष्ट. माल भरला तेथें थळभरीत आणि विकला तेथें थळमोड अशी जकात घेतली जाई. मालाची वाहतूक व तिजवरील जकातीचा भरणा पतकरणारा हुंडेकरी हा व्यापारी व सरकार यांच्या मध्यें उभा असे. पेठेंत माल आला म्हणजे शेटे, महाजन यांचे हक्क लागू होत. बाजारांतील राशींतून किंवा पाटींतून मूठभर उचलून घेण्याचा जो हक्क, त्यास फसकी म्हणत. एक मूठ दिसावयास लहान. पण दर पाटीमागें व दर बाजारीं ती उचलली गेली म्हणजे तिची किंमत शेवटीं गिऱ्हाइकाच्या गांठीस बसे. फसकीच्या हक्काबद्दलचे तंटे वतनाच्या कागदांत आढळतात तेव्हां वाचक त्यांस क्षुल्लक समजून पुढें जातो. आमच्या मतें तो शहराच्या महागाईचा एक अस्सल पुरावा आहे.

या सर्वांवर कोतवालाची नजर असे. पेठांतील तंटे तोडणें, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणें यांबरोबरच बाजारचा निरख ठरविणें हेंही कोतवालीचें काम होतें. घाशीराम कोतवालाचें नांव निघालें कीं इ. स. १७९१ मधील तैलंगी ब्राह्मणांचें प्रकरण व त्याचा भयंकर शेवट एवढेंच आठवतें. तथापि कोतवाली ही शहराच्या अन्नव्यवहाराची एक गुरुकिल्ली होती, या दृष्टीनें तिच्या हिशेबांचा अभ्यास व्हावयास पाहिजे.

निरखाचा कागद हातीं आला तरी घाई करूं नये. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी हें ठीक. परंतु मणास पायल्या किती, याचें उत्तर गांवोगांव निराळें असे. कैली मापाचा शेर आणि वजनी शेर हे एक नव्हत. पुन्हां दाम दिला तो अंकुशी रुपयांत कीं चांदवडी रुपयांत, हें समजल्यावांचून दोन बाजारांच्या भावांची तुलना व्यर्थ होय. कित्येक लेखक जुना भाव उतरून ‘काय ती स्वस्ताई!’ असा उद्गार काढतात. त्याच रुमालांत मजुराचा रोजमुरा लिहिलेला असतो, तो मात्र कोणी उतरून घेत नाहीं.

येथें तिसरा प्रश्न उत्पन्न होतो : ताट कोणाचें? सरकारवाड्यास स्वतःची कोठी होती. सरंजामी व इनामदार घराण्यांकडे गांवचें धान्य परभारें येई. बाजारभाव चढला तरी या घरांस त्याची झळ सावकाश लागे. उलट कोष्टी, मोलकरी, हमाल हे रोजच्या मजुरीवर शेर-अच्छेर धान्य घेऊन चूल पेटवीत. शहर एक, पण त्यांत अन्नाच्या दोन वाटा होत्या; आणि बाजाराच्या वाटेवर असणाऱ्यांची कैफियत दप्तरांत फारच थोडी उतरली आहे.

या व्यवस्थेची कसोटी इ. स. १८०२ ते १८०४ या काळांत लागली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकराचा जय झाला, दुसरा बाजीराव पळाला, आणि फौजांनीं व पेंढाऱ्यांनीं मुलूख उध्वस्त केला. पुढच्या सालीं पावसानेंही दगा दिला आणि इ. स. १८०४ पर्यंत दारुण दुष्काळ पडला. शिवार लुटलें गेलें, बैल गेले, वाटा बंद पडल्या. म्हणजे पुरवठ्याचा प्रत्येक दुवा एकामागून एक तुटला. नुसता पाऊस गेला असता तर शहरानें कदाचित् तग धरिला असता. परंतु पाऊस आणि वाट हीं दोन्ही एकदम गेलीं.

याच्या उलट इ. स. १८७६-७७ चा दुष्काळ पाहावा. तोंपर्यंत आगगाडी आली होती. खंडाळा ते पुणें हा मार्ग १८५८ मध्यें व घाटांतील मार्ग १८६३ मध्यें खुला झाला. धान्य दूरवरून येऊं शकलें. पण ज्यांचें काम बुडालें त्यांच्यापाशीं तें घेण्यास पैका नव्हता. सार्वजनिक सभेनें त्या वेळीं जमविलेली दुष्काळाची हकीकत याची साक्ष देते. पहिल्या दुष्काळांत धान्य शहरापर्यंत पोंचलें नाहीं. दुसऱ्यांत तें पोंचलें, पण ताटांत पडलें नाहीं. वर सांगितलेले तिन्ही प्रश्न निरनिराळे कां विचारावे लागतात, तें यावरून दिसून येईल.

पुढें शनिवारवाड्यासमोरील भाजीबाजार उठून शुक्रवार पेठेंत नवी इमारत झाली व इ. स. १८८६ मध्यें लॉर्ड रे यांच्या नांवानें ती उघडली गेली. तत्पूर्वीं या खर्चास म्युनिसिपालिटींत विरोध करून तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें म्हणणारे सभासद जोतीराव फुले होते. आणि आज ती इमारत महात्मा फुले मंडई या नांवानेंच ओळखली जाते. इ. स. १९३३ मध्यें गोखले अर्थशास्त्र संस्थेनें पुण्यांतील फळांच्या विक्रीची पाहणी प्रसिद्ध केली. मळ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत माल कसा जातो, याचा जो शोध अर्थशास्त्रज्ञांनीं आपल्या काळापुरता केला, तोच इतिहाससंशोधकांनीं मागील काळासाठीं केला पाहिजे.

साधनें नाहींत असें कोणी म्हणूं नये. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या रोजनिशींत जकातीचीं व बाजाराचीं कलमें आहेत. सरदेसायांनीं १९३० पासून पुढें पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. परंतु निवड म्हटली कीं राजकारणास अग्रस्थान मिळावयाचें, आणि जमाखर्चाचे हजारों रुमाल अद्यापि वाचकाची वाट पाहत आहेत. याहून मोठी हानि खाजगी घरांत होत आहे. संग्राहक शिक्कामोर्तबाचें पत्र जपून ठेवितात आणि त्याच गांठोड्यांतील कीर्द-खतावणी टाकून देतात. वाण्या-उदम्यांच्या मोडी चोपड्या वजनानें रद्दींत जातात. ज्या पानावर शंभर वर्षांपूर्वीच्या डाळीचा भाव लिहिला आहे, त्याच पानाची पुडी करून वाण्यानें डाळ बांधून द्यावी, यापरता विपर्यास तो कोणता?

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, गांठोडें फोडूं नये, पानांचा क्रम मोडूं नये, आणि ज्यावर मोठ्या माणसाचें नांव नाहीं तो कागद हलका लेखूं नये. लढाया कोणीं जिंकल्या तें पत्रांवरून पुष्कळसें कळलें आहे. त्या काळीं पुण्यास कोण जेवलें आणि कोण उपाशी निजलें, हें कळावयाचें असेल तर तें या वह्यांवरूनच कळेल.