झायनच्या दरीतील नावे

नदी केवढी लहान आणि तिची करणी केवढी मोठी! अमेरिकेतील युटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून वाहणारी व्हर्जिन नदी पाहिली की हेच उद्गार तोंडून निघतात. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी येथे वाळवंट होते. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचा पुढे दगड झाला आणि तो दगड या नदीने कापीत नेला. दोन्ही हातांना दोन-दोन हजार फुटांचे तांबूस कडे आणि मधून पाण्याची चिंचोळी रेघ, अशी ही दरी आज झायन राष्ट्रीय उद्यान म्हणून जगाला ठाऊक आहे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत पुतण्याकडे गेलो असता ही दरी मी सायकलवरून पाहिली. शाळामास्तराला सायकल मानवते. हवा तेथे पाय टेकावा आणि पाटी नीट वाचावी!

आरंभीच पावणेदोन मैलांची पारूस नावाची वाट लागते. उद्यानातील पायवाटांपैकी सायकलीला मोकळी असलेली ही एकटीच. ‘पारूस’ हा दक्षिण पायूट लोकांचा शब्द. अर्थ खळाळते पाणी. नदी शेजारून खळाळतच होती. पण पाटी वाचून मी थांबलो तो दुसऱ्याच कारणाने. या दरीचे मूळ नावही याच लोकांचे होते : मुकुंतुवीप.

गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून पायूट या नदीकाठी राहत आले होते. १८६३ साली आयझॅक बेहूनिन नावाच्या मॉर्मन शेतकऱ्याने दरीत लाकडी झोपडी बांधली. आपल्या पंथापायी छळ सोसून पश्चिमेकडे आलेली ही माणसे. या उंच कड्यांच्या आडोशाला बेहूनिनला अभय वाटले आणि त्याने बायबलातील पवित्र डोंगराचे नाव दरीला दिले : झायन. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी दरीला राष्ट्रीय स्मारक ठरवले ते मात्र मुकुंतुवीप या नावाने. आसपासच्या वस्तीला ते रुचले नाही. उच्चारायला अवघड नावामुळे प्रवासी येणार नाहीत, असेही म्हटले गेले. १९१८ साली सरकारी कागदावरचे नाव झायन झाले आणि १९१९ च्या नोव्हेंबरात झायन राष्ट्रीय उद्यान जन्मले.

बेहूनिनला दोष देववत नाही. जीव मुठीत धरून आलेल्याला आसरा हवाच असतो. परंतु तो मिळाला दुसऱ्याच्या घरात, आणि पुढे घराची पाटीही बदलली!

पारूस संपली की सहा मैलांचा मुख्य रस्ता लागतो. चढ सौम्य आहे. चाळिशी उलटलेल्या गुडघ्यांनीही तक्रार केली नाही. मधूनच पुतण्या ओरडे, “काका, उजवीकडे घ्या, बस येतेय!” बस मागून आली की सायकलस्वाराने कडेला घेऊन थांबावे, असा येथला नियम आहे. खाजगी मोटर मात्र एकही नाही! याची हकिगत मौजेची आहे. मोटरवाल्यांना पूर्वेकडून येता यावे म्हणून १९२७ ते १९३० या काळात डोंगर पोखरून मैलाहून लांब बोगदा केला. त्यातून सायकल नेण्यास आजही मनाई आहे. पुढे मोटरी इतक्या आल्या की दरी गुदमरू लागली. १९९७ साली चोवीस लाख माणसे येथे आली. अखेर २००० सालापासून हंगामात या रस्त्यावर खाजगी मोटरी बंद झाल्या आणि उद्यानाच्या बसगाड्या सुरू झाल्या. ज्या मोटरीसाठी डोंगर फोडला तिलाच दाराशी थांबवावे लागले, आणि सायकलीला रस्ता मोकळा मिळाला.

वाटेतली शिखरे बायबलातील नावे सांगत होती : अब्राहम, आयझॅक, जेकब. ‘देवदूतांचे उतरण्याचे ठिकाण’ या अर्थाचाही एक सुळका आहे. त्यांतली बरीच नावे फ्रेडरिक फिशर या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने १९१६ साली ठेवलेली.

रस्ता संपतो तेथे कडे जवळ येतात. पुढे नदीच्या पात्रातूनच चालावे लागते. या जागेचे नाव सिनावावाचे मंदिर. सिनावावा म्हणजे पायूटांचा कोल्हादेव! आरंभी त्यांचे पाणी, शेवटी त्यांचा देव. मधले सारे पाहुण्यांचे. वाचकहो, नाव पुसणे एका सहीचे काम असते. ते पुन्हा पाटीवर यायला मात्र पिढ्या जाव्या लागतात.