डॉक्टर थकतो तेव्हा जामखेड आठवतं

मागे एकदा शेजारच्या आजोबांना घेऊन रात्री दीड वाजता एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. दवाखान्याचं नाव घेत नाही. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं आजोबांचं वय तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलो. मग नर्सबाईंनी सांगितलं, गडी आदल्या दिवशी सकाळपासून उभा आहे. माझा राग खोटा नव्हता, पण निघाला चुकीच्या माणसावर.

निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारण 12 तासांपेक्षा जास्त नसावी, आठवड्याला 48 तास काम असावं, एक सुट्टी असावी, असं केंद्र सरकारनं 5 जून 1992 लाच लिहून ठेवलंय. 'कामाची निकड' असेल तर सवलत, अशी फटही त्यातच आहे. आपल्याकडे निकड नसलेला दिवस कुठला? मार्डच्या पोरांच्या संपाची बातमी मी किती वेळा लावली, मोजलं नाही.

पण गर्दी दवाखान्याच्या दारापर्यंत येतेच का, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात विचारला गेला होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1962 पासून चार वर्षं नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होते. रांग मोठी. बरा करून घरी पाठवलेला रुग्ण पुन्हा तोच आजार घेऊन हजर, कारण गावातलं पाणी तेच, उपासमार तीच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून दोघं 1970 ला जामखेडला आले. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू झालं.

आधी शिकलेल्या नर्सेस गावात ठेवून पाहिल्या. जमलं नाही, बाहेरची तरुण मुलगी एकटी गावात राहणार कशी? मग गावानंच निवडलेल्या बाया पुढे आल्या. बऱ्याचजणी निरक्षर, काही दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाब, बाळाचं वजन हे त्या बघू लागल्या. 1971 मध्ये त्या भागात हजारी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळाला.

माझ्या मते डॉक्टरच्या थकव्यावरचा हा सगळ्यात जुना नगरी इलाज. रिकाम्या जागा भरायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण गावात थांबू शकणारा आजार वॉर्डात आला, तर दहा डॉक्टर वाढवले तरी तेही तसेच थकतील.

2005 नंतर आशाताई आल्या, त्यांच्यात जामखेडची सावली दिसते. पण फरक मोठा आहे. जामखेडच्या बाया नेमाने केंद्रावर जमायच्या, शिकायच्या, एकमेकींना अडचणी सांगायच्या. आशांच्या वाट्याला सर्वेक्षणं, नोंदी, ऑनलाइन कामं आणि कामागणिक मोबदला. 2023 आणि 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. म्हणजे डॉक्टरचं ओझं खाली उतरवलं, आणि खालच्या बाईलाही तसंच थकवलं.

त्या रात्री आजोबांना तपासून झाल्यावर मी डॉक्टरला चहा विचारला. त्यानं घड्याळ बघितलं. "नको काका," म्हणाला, "सकाळी नऊला ओपीडी आहे, तोवर जरा टेकतो."