एम्पिरिकल फॉर्म्युला आणि रेणुसूत्र : पालकांसाठी एक उजळणी



मुलं हायस्कूलला गेली की केमिस्ट्रीच्या गृहपाठात एक गणित हमखास येतं: संयुगातल्या मूलद्रव्यांची टक्केवारी दिली आहे, सूत्र काढा. आपल्यापैकी बरेच जण हे मराठीतून शिकलो, त्यामुळे गणित येत असूनही इंग्रजी शब्दांपाशी गाडी अडते. म्हणून ही उजळणी.

रेणुसूत्र म्हणजे एका रेणूत कुठल्या मूलद्रव्याचे नेमके किती अणू आहेत ते. एम्पिरिकल फॉर्म्युला फक्त त्या अणूंचं लहानात लहान पूर्णांकी गुणोत्तर सांगतो. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड सी२एच४ओ२, दह्यातलं लॅक्टिक ॲसिड सी३एच६ओ३ आणि ग्लुकोज सी६एच१२ओ६. तिघांचाही एम्पिरिकल फॉर्म्युला सीएच२ओ! तिघांतही कार्बन ४०, हायड्रोजन ६.७ आणि ऑक्सिजन ५३.३ टक्के. नुसत्या टक्केवारीवरून आंबट काय नि गोड काय, कळायला मार्ग नाही. त्यासाठी रेणुभार लागतो: अनुक्रमे ६०, ९० आणि १८०.

आता आवळ्यातलं क जीवनसत्त्व घेऊ. कार्बन ४०.९२, हायड्रोजन ४.५८, ऑक्सिजन ५४.५० टक्के. पदार्थ १०० ग्रॅम आहे असं धरलं की हेच आकडे ग्रॅम होतात. प्रत्येकाला त्याच्या अणुभाराने भागून मोल काढायचे:

कार्बन : ४०.९२ ÷ १२.०१ = ३.४०७
हायड्रोजन : ४.५८ ÷ १.००८ = ४.५४
ऑक्सिजन : ५४.५० ÷ १६.०० = ३.४०६

(ऑक्सिजनला ३२ ने भागू नका. ३२ हा ओ२ या रेणूचा भार, इथे आपण अणू मोजतोय.)

सर्वांत लहान आकड्याने, म्हणजे ३.४०६ ने, तिघांना भागलं की १ : १.३३ : १ येतं.

खरी मेख इथे आहे. मुलं १.३३ चा सरळ १ करतात आणि सीएचओ लिहून मोकळी होतात. पण उलट ताळा करून बघा: सीएचओ मध्ये हायड्रोजन ३.५ टक्केच भरतो, आपल्याकडे तर ४.५८ आहे. १.९९ किंवा २.०२ आला तर खुशाल २ धरा, तेवढा फरक मोजमापात पडतोच. पण १.३३ हा अपूर्णांक आहे, चार तृतीयांश. सगळ्यांना ३ ने गुणायचं, की ३ : ४ : ३. शेवटी .५ असेल तर २ ने, .३३ किंवा .६७ असेल तर ३ ने, .२५ किंवा .७५ असेल तर ४ ने गुणायचं. आमच्या मते या पाठातलं पाठ करण्यासारखं एवढंच, बाकी सगळा भागाकार.

तर एम्पिरिकल फॉर्म्युला सी३एच४ओ३, भार ८८.०६. क जीवनसत्त्वाचा रेणुभार १७६.१२, म्हणजे बरोबर दुप्पट. रेणुसूत्र सी६एच८ओ६.

जाता जाता एक गंमत. आल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांनी १९२८ मध्ये हा पदार्थ वेगळा केल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा सूत्र ठाऊक होतं पण रेणूची रचना नव्हती. म्हणून त्यांनी ‘मला माहीत नाही’ अशा अर्थाचं ‘इग्नोज’ हे नाव सुचवलं. संपादकांना ते रुचलं नाही, तेव्हा दुसरं नाव दिलं ‘गॉडनोज’! अखेर सहा कार्बनवरून ‘हेक्झुरॉनिक ॲसिड’ ठरलं. १९३७ चं नोबेल मात्र त्यांना मिळालं.

सरावासाठी एक गणित: कार्बन ९२.२६, हायड्रोजन ७.७४ टक्के, रेणुभार ७८.११. उत्तर बेंझिन, सी६एच६.