हवाई पुरातत्त्वीय छायाचित्रण

विमान, फुगा किंवा ड्रोन यांतून प्राचीन अवशेषांची छायाचित्रे घेऊन त्यांचा अभ्यास करण्याच्या पद्धतीस हवाई पुरातत्त्वीय छायाचित्रण म्हणतात. जमिनीखाली गाडलेले अवशेष उत्खननापूर्वीच ओळखता येणे, हे तिचे वैशिष्ट्य होय.

कार्यपद्धती
बुजलेल्या खंदकात माती खोल व ओलसर असल्याने तेथील पीक उंच वाढते व अधिक काळ हिरवे राहते. गाडलेल्या भिंतीवरील पीक मात्र खुरटून लवकर पिवळे पडते. या फरकातून वास्तूचा आराखडा उमटतो. अशा पीकखुणा अवर्षणात अधिक ठळक होतात. सूर्य क्षितिजालगत असताना लहान उंचवट्यांच्याही लांब सावल्या पडून अवशेष दिसू शकतात.

इतिहास
१९०६ मध्ये फिलिप शार्प यांनी लष्करी फुग्यातून इंग्लंडमधील स्टोनहेंजची छायाचित्रे घेतली. पहिल्या महायुद्धातील टेहळणीमुळे हे तंत्र प्रगत झाले. युद्धानंतर ओ.जी.एस. क्रॉफर्ड यांनी ते पुरातत्त्वात रुजवले. १९२५ मध्ये वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल यांना स्टोनहेंजजवळील शेतात ठिपक्यांची वर्तुळे दिसली. उत्खननाअंती ते लाकडी खांबांचे खड्डे असल्याचे आढळले. हे स्थळ 'वुडहेंज' नावाने ओळखले जाते. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील न्यूग्रेंजजवळ ड्रोनच्या साहाय्याने एक अज्ञात प्रागैतिहासिक वर्तुळाकार रचना आढळली.

मर्यादा व महत्त्व
केवळ छायाचित्रावरून अवशेषांचा काळ निश्चित करता येत नाही. त्यासाठी उत्खनन आवश्यक असते. तथापि नांगरट वा बांधकामामुळे स्थळ नष्ट झाल्यास जुने छायाचित्र हाच त्याचा एकमेव पुरावा उरू शकतो.